हिरडीतले पहारेकरी

"अम्मा, ही उष्णता नाही. याला पिरिओडॉन्टायटिस म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी एक्स-रे दाखवला. हिरडीखाली जंतूंनी ठाण मांडलं होतं. पुढच्या वरच्या दाताभोवतीचं हाड झिजलं होतं आणि दात हलत होता. तो वाचेल की काढावा लागेल, हे त्या लगेच सांगेनात.

मी इथे तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या शाळेत लहान मुलांना हिंदी शिकवते. त, थ, द म्हणताना जीभ दातांना टेकते. तिथे फट घेऊन वर्गात कसं उभं राहायचं?

ब्रशला रक्त लागत होतं, ते कित्येक महिने. आम्ही मूळचे साताऱ्याचे, त्यामुळे रक्त दिसलं की उष्णता. इथल्या शेजारणीही "सूडु, सूडु" म्हणत माना डोलवायच्या, त्यांच्याकडेही उष्णताच. मग काय, रात्री दात घासून झाले की आईने पाठवलेला गुलकंद चमचाभर खायचा आणि आडवं व्हायचं. शिवाय दुखतं म्हणून तेवढी जागा ब्रशने चुकवायची. जंतूंची बडदास्त मीच ठेवत होते.

मधुमेहात हे बळावतं, म्हणून रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट यायचा होता, तेवढ्यात मी विचारलं, हिरडीतून येतो तो पू कशाचा?

"तुमच्या मेलेल्या पांढऱ्या पेशींचा," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना न्यूट्रोफिल म्हणतात. त्या रक्तातून दात आणि हिरडीमधल्या फटीत येतात, जंतू गिळतात आणि मरतात. पण कीटण साचून घट्ट झालं की त्यांचं काही चालत नाही. लढाई लांबते आणि त्यात आपलंच हाड झिजतं."

इतके दिवस त्या पुवाची किळस यायची. त्या दिवशी मात्र त्या पेशींसाठी वाईट वाटलं.

साखर ठीक निघाली. हिरडी बधिर करून खालचं कीटण खरवडलं. दुखलं नाही, आवाज तेवढा नकोसा होता. दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश मिळाला. तुमच्याही ब्रशला रक्त लागत असेल तर घरच्या घरी निदान करत बसू नका.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी दात हलवून पाहिला. "गेलेलं हाड भरून येईलच असं नाही. पण दात राहील." बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला आणि आधी तेवढंच सांगितलं, दात राहणार.

निरोगी हिरडीतही या पेशी पहाऱ्यावर असतात म्हणे. काल वर्गात मुलांकडून 'दादी' म्हणवून घेतलं. माझी जीभ दातावर टेकली. तो जागचा हलला नाही. मी मनातल्या मनात त्या पहारेकऱ्यांचे आभार मानले आणि पुढचा शब्द घेतला.