आता दुसरा हात

बीपीचा पट्टा डाव्या दंडावरून सुटला की पेशंट बाही खाली करायला लागायचा. तेवढ्यात सिस्टर म्हणायच्या, "थांबा की. आता दुसरा हात."

वारूळवाडीच्या एका लहानशा दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो. माझ्या टेबलाला लागूनच त्यांचं स्टूल होतं, त्यामुळे हे वाक्य दिवसभर कानावर पडायचं. बाजाराच्या दिवशी रांग पार दाराबाहेर जायची आणि मी वैतागायचो. एकदा एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "अहो सिस्टर, दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत." सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "ते हातांनाच सांगू द्या की." गुरुजींनी निमूट दुसरी बाही वर केली.

नुसतं "दुखतंय" म्हणून त्यांचं भागायचं नाही. हळूहळू दुखायला लागलं की एकदम? कुठून कुठं गेलं? मला वाटायचं, बाईंना चौकशांची हौसच आहे. अशी चिकट माणसं तुम्हीही पाहिली असतील. समोर असतात तोवर त्यांचा कंटाळा येतो.

एका सकाळी मढहून एका मेंढपाळ बाबांना जीपमधून आणलं. मेंढ्या सोडताना छातीत एकदम कळ आली होती. ईसीजीत बदल दिसला. हार्ट अटॅक समजून डॉक्टरांनी रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन भरायला घेतलं. सिस्टरांनी बाबांच्या डाव्या हाताचं बीपी घेतलं होतं. उजव्या दंडाला मात्र काळ्या दोऱ्यात घट्ट ताईत होता आणि त्यावर बाबांच्या भावानं हात ठेवला होता.

"बिरोबाचा हाय, सिस्टर. त्यो सोडत न्हाईत. एका हाताचं घेतलंय ना?"

आमच्याकडे हे नेहमीचंच. ताईत दिसला की आम्ही सगळे आपणहून तो दंड सोडून द्यायचो. देवाच्या वाटेला कोण जाणार? सिस्टर म्हणाल्या, "देव माझ्यावर रागवू दे. मीच सोडते, मीच परत बांधते."

डाव्या हाताला वरचा आकडा एकशे नव्वद होता. उजव्याला एकशे दहा. त्यांनी पुन्हा मोजलं, तेच.

"बाबा, दुखणं एकाच जागी हाय का सरकलं?"

"फाटल्यावानी झालं, बाई. आधी छातीत. आता पाठीत उतारलंय."

"डॉक्टर, इंजेक्शन थांबवा!" त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी बाबांची दोन्ही मनगटं स्वतः धरून पाहिली आणि भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. दुखणं आणि बीपी उतरवायची औषधं सुरू केली आणि सीटी स्कॅनसाठी पुण्याला फोन लावला.

भाऊ भेदरून गेला होता. सिस्टर त्याला म्हणाल्या, "दुपदरी पाइप असतोय ना? आतला पदर फाटला की पाणी दोन पदरांच्या मधी शिरतंय. काळजातनं निघणाऱ्या मोठ्या नळीचं तसं झालं असंल. मग त्या इंजेक्शननं रक्त थांबलंच नसतं. चला, वेळ घालवू नका."

अँब्युलन्स गेली आणि ताईत सिस्टरांच्या खिशातच राहिला.

दुपारपर्यंत फोन आला नाही. त्या सारख्या खिसा चाचपत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?"

"आमचे मालक गेले, तवा त्यांचा मी एकच हात बघितला व्हता," त्या म्हणाल्या. "लोणीला, घरी. खाट भिंतीला लागून व्हती. दुसरा हात भिंतीकडं. बीपी बरं दिसलं म्हणून पित्ताची गोळी दिली. मीच." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या दिवसानंतर मी रांगेवरून कधी कुरकुर केली नाही.

संध्याकाळी फोन आला. नळी फाटलीच होती आणि बाबांना ऑपरेशनला घेतलं होतं. सिस्टर उठून मागच्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आल्या.

तीन महिन्यांनी बाबा स्वतःच्या पायांनी आले. छातीवर उभा व्रण होता. सिस्टरांपुढे उजवा दंड धरून म्हणाले, "तुमी सोडलाय, तुमीच बांधा." रोज या अ‍ॅप्रनमधून त्या अ‍ॅप्रनमध्ये जाणारा तो ताईत सिस्टरांनी काढला आणि बांधला.

"लई घट्ट न्हाई ना झाला?" त्यांनी विचारलं.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. मला त्यांची फार आठवण येते. बाजाराच्या दिवशी तर जास्तच, कारण आता रांग भराभर सरकते.

परवा मला चक्कर आली म्हणून नव्या सिस्टरनं माझं बीपी घेतलं. "झालं, काका," म्हणत तिनं पट्टा काढला आणि ती पुढच्या पेशंटकडे वळली. मी उजवी बाही वर करून तसाच बसून राहिलो.