उरलेलं परत हवं का, असं विचारणाऱ्या विमलाबाई

त्या दिवशी सकाळी मी गावच्या तलावावर आंघोळ केली, मारुतीचं दर्शन घेतलं, कपाळाला अष्टगंध लावला आणि आरमोरीहून पहिल्या एसटीने चंद्रपूरला निघालो. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मार्गदर्शक मिळवायचा होता. जीवरसायन विभागाच्या प्रयोगशाळेत डॉ. विमलाबाई अल्लेवार खिडकीजवळ उभ्या होत्या आणि काचेची एक लहानशी चकती उजेडासमोर धरून बघत होत्या. मी नाव सांगितलं. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "हात दाखवा." मी हात पुढे केले. उजव्या अनामिकेला गंधाचा डाग राहिला होता.

"देवाला जाऊन आलात?"

"हो, बाई."

"चांगलं आहे. कपाळावरचं राहू द्या, बोटावरचं धुऊन या. ते थेंबात पडलं तर स्फटिक आपला आला की देवाचा, कळायचं नाही."

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. आधी विद्यार्थी म्हणून आणि नंतर त्याच विभागात शिक्षक म्हणून मी बाईंजवळ राहिलो. त्या निवृत्त झाल्या तरी आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत येत. आता त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून त्यांच्या गौरवग्रंथासाठी हा लेख. तो आनंदाचा व्हावा अशी संपादकांची इच्छा होती. मला तसा लिहिता आलेला नाही, त्याचं कारण पुढे येईल.

हा ग्रंथ वाचणारे सगळेच विज्ञानाचे नाहीत, म्हणून बाईंचं काम साध्या शब्दांत सांगतो. प्रथिनाची आतली ठेवण बघायची तर त्याचा स्फटिक लागतो. त्या स्फटिकावर क्ष-किरण टाकले की आतले अणू कुठे कुठे बसले आहेत ते काढता येतं. पण प्रथिन साखरेसारखं सहज स्फटिक होत नाही. काचेच्या चकतीवर शुद्ध प्रथिनाचा मोहरीएवढा थेंब ठेवायचा, त्यात क्षाराच्या द्रावणाचा तेवढाच थेंब मिसळायचा. मग चकती एका झटक्यात उलटी करून छोट्या खळग्यावर बसवायची आणि काठाला ग्रीस लावून ती हवाबंद करायची. खळग्याच्या तळाशी तेच क्षारद्रावण, पण अधिक दाट. बंद जागेत थेंबातलं पाणी सावकाश वाफ होऊन खालच्या द्रावणात जातं आणि थेंब दाट होत जातो. घाई झाली तर तपकिरी साका मिळतो. सगळं जमलं तर स्फटिक. एका प्लेटमध्ये असे चोवीस खळगे असतात आणि बहुतेक वेळा चोवीसही वाया जातात.

आमच्याकडे आणखी एक अडचण होती, ती म्हणजे कोळशाच्या खाणीतला सुरुंग. दुपारी तो उडाला की खिडक्यांची तावदानं वाजत आणि लटकते थेंब हादरत. बाईंनी त्यावर उपाय काढला होता. आरमोरीच्या राइस मिलमधून धानाचा कोंडा आणायला त्यांनी मला सांगितलं, तो जाड कापडात घट्ट शिवून गादी केली आणि प्लेटांचा डबा तिच्यावर ठेवला. नवीन थेंब लावायचे ते दुपारचा सुरुंग होऊन गेल्यावरच, असा दंडक होता. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "हे काय, डब्याला बाळंतपणाची खाट?" बाई म्हणाल्या, "हो. फक्त इथे पोर रडलं तर आईला ऐकू येत नाही, म्हणून आधीच जपायचं."

माझ्या पहिल्याच प्लेटमध्ये स्फटिक दिसला. लखलखीत, धारदार. मी बाईंना न सांगता आधी देवीच्या देवळात जाऊन नारळ फोडला आणि प्रसाद घेऊन विभागात आलो. बाईंनी खोबरं खाल्लं, हात धुतले, चकती उघडली आणि बारीक सुईने स्फटिक दाबला. कट् असा आवाज आला. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, सुईखाली चुरा होऊन पसरतो. माझा होता तो साध्या क्षाराचा. आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, म्हणजे बफर, मी फॉस्फेटचं घेतलं होतं, त्याचा क्षारद्रावणातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन तो तयार झाला होता. मी खाली मान घातली. बाई म्हणाल्या, "खोबरं मात्र खरं होतं." पुढे कित्येक वर्षं माझा स्फटिक आला की त्या आधी विचारत, "फोडून बघितला का?" चांगला दिसतो म्हणून तो चांगला मानायचा नाही, ही त्यांची सवय माणसांच्या बाबतीतही होती आणि सर्वांत जास्त स्वतःच्या बाबतीत.

बाईंचा विषय हिमोग्लोबिन, रक्तातलं प्राणवायू वाहणारं प्रथिन. चंद्रपूर आणि शेजारच्या आमच्या जिल्ह्यात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार, नसलेलं गाव शोधावं लागेल. बाई शिबिरांना जात, लोकांशी बोलून, त्यांना विचारून रक्ताचे नमुने घेत. नमुना घेताना त्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारत, "काम झाल्यावर उरलेलं तुम्हाला परत हवं का?" मी तो प्रश्न दुसऱ्या कुठल्याही शास्त्रज्ञाच्या तोंडून ऐकलेला नाही. लोक हसत. राजुऱ्याकडच्या एका म्हातारीने तर त्यांना सुनावलं होतं, "काऊन वं बाई, रगत का ताक हाय, उरलं तं वापस देतो म्हनून?" बाईही हसल्या, पण विचारणं सोडलं नाही. मी एकदा म्हटलं, कोणीच हो म्हणत नाही तर कशाला? त्या म्हणाल्या, "त्यांचं आहे, म्हणून."

हो म्हणणारा एकच माणूस भेटला. तो बुधूभाऊ.

बुधूभाऊंची मुलगी मैनी आमच्याकडे बी.एस्सी.ला होती. एटापल्लीच्याही पलीकडचं गाव, चंद्रपूरला वसतिगृहात राहायची. तिला स्वतःलाच सिकलसेल होता. सांधे दुखायला लागले की दोन-चार दिवस वर्गात दिसत नसे, मग यायची ती हसतच. तपासणीत कळलं की तिच्या हिमोग्लोबिनमध्ये सिकलसेलच्या बदलाबरोबर दुसराही एक बदल आहे, एक वडिलांकडून आलेला, एक आईकडून. आई वारलेली. असे दोन्ही बदल एकत्र असलेलं दुसरं माणूस आम्हाला आजवर भेटलं नाही. मैनीने हट्ट धरला की माझंच हिमोग्लोबिन घ्या आणि थेंब मीच लावीन. विद्यार्थिनीचं रक्त घ्यायला बाई तयार नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, तुझ्या वडिलांशी बोलल्याशिवाय नाही. पोरगी सज्ञान होती, तिची सही पुरेशी होती. तरी बाई आणि मी एसटीने एटापल्लीला आणि तिथून पुढे जीपने तिच्या गावी गेलो.

बुधूभाऊ मोहाच्या झाडाखाली बसून होते. मैनीने त्यांना गोंडीतून सगळं समजावलं. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. ते हसले नाहीत. मराठीत म्हणाले, "हाव बाई. वापस देजो. घरचं मानूस पूरं घरी पायजे."

"देईन," बाई म्हणाल्या.

मैनीने थेंब लावले तो दिवस मला आठवतो. पहिल्या चकतीला तिचा हात अडला. "सर, माहंच रगत मले भिऊन राह्यलं."

"तुला नाही भीत, मला भीतं," बाई म्हणाल्या. "टाक उलटी."

तिने टाकली. नंतरच्या सगळ्या चकत्या बिनचूक बसल्या.

पावसाळ्यात ती गावी गेली आणि तिथे तिला दुखण्याचा मोठा झटका आला. नाल्याला पूर होता. लोकांनी तिला बाजेवर घालून काठापर्यंत आणलं आणि पाणी उतरण्याची वाट बघत बसले. पाणी उतरलं तेव्हा पलीकडे नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आम्हाला बातमी मिळेपर्यंत तिला मातीही दिली गेली होती.

त्यानंतर बरेच दिवस ती प्लेट कोणी काढली नाही. एका दुपारी मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. एका थेंबात लाल स्फटिक होते, गडद, चौकोनी, स्वच्छ कडांचे. हिमोग्लोबिनचे स्फटिक मुळातच लाल असतात. त्यातल्या एका लहानशाला मी सुई लावली. आवाज आला नाही, तो मऊपणे चुरला. बाईंना बोलावलं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार तेव्हा वाढला होता. त्या बराच वेळ वाकून राहिल्या आणि म्हणाल्या, "मधोमध मला काही दिसत नाही. तुम्ही सांगा." मी सांगत गेलो. त्या विचारत होत्या, कडा धारदार आहेत का, तडे आहेत का, एकावर एक तर नाहीत ना. मग खुर्चीत बसल्या आणि तोंडाला पदर लावला.

आयुष्यभर बाईंनी ज्याची वाट पाहिली ते हे होतं. बाहेरगावच्या एका केंद्रात क्ष-किरणांसाठी आम्ही अर्ज केला. पाळी यायला वेळ होता. स्फटिक प्लेटमध्ये होते आणि मैनीच्या हिमोग्लोबिनच्या थोड्या नळ्या डीप फ्रीजरमध्ये.

पुढच्या उन्हाळ्यात बुधूभाऊ आले. खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला. बाई त्या दिवशी विभागातच होत्या.

"बाई, पोरीचा दगड उभा करून राह्यलो आम्ही. तिचं रगत न्याले आलो."

त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने स्मारकाचा दगड उभारतात. मी म्हणालो, "भाऊ, काम अजून झालं नाही."

"कधी होते?"

"पुढच्या वर्षी. कदाचित त्याच्या पुढच्या."

"पोरगी तं गेली. आता काम कोनाचं करता?"

मी त्यांना सांगितलं की यातून पुढे कधीतरी औषध निघू शकतं, दुसऱ्यांच्या पोरी वाचू शकतात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "निंघू द्या ना. मी नाई म्हनून राह्यलो का? पन ती तिथं अर्धी आहे. मले झोप नाई येत." मग बाईंकडे बघून म्हणाले, "बाईनं देतो म्हटलं होतं." त्यांनी चहा घेतला आणि एसटी चुकेल म्हणून रिकाम्या हाताने निघून गेले.

ते गेल्यावर मी बाईंना विचारलं, काय करायचं? त्यांचं उत्तर या गौरवग्रंथात यावं असं मला वाटतं, कारण बाई कशा आहेत ते त्यात पुरतं आलं आहे. त्या म्हणाल्या, "मला विचारू नका. शब्द माझा आहे आणि लोभही माझाच आहे. मरायच्या आधी हे बघावं असं मला फार वाटतं. मी जे ठरवीन ते लोभातून आलं की नाही, हे मलाच कळणार नाही. तुम्ही ठरवा. मी तक्रार करणार नाही."

ठरवायला मला फार दिवस लागले. लोभ मलाही होताच, त्या शोधनिबंधावर माझंही नाव आलं असतं. रोज सकाळी देवापुढे बसायचो आणि मनात त्या नळ्या यायच्या. मग या हिवाळ्यात केंद्राकडून पाळी आल्याचं कळलं आणि त्याच सुमारास संपादकांचा फोन आला. ते म्हणाले, बाईंच्या सत्कारात मैनीच्या हिमोग्लोबिनच्या रचनेची घोषणा करू, त्यांच्या आयुष्याचं चीज होईल, तुम्ही लेखात तसं लिहा. मी हो म्हणालो आणि लिहायला बसलो. 'काम झाल्यावर परत' हे शब्द लिहिले आणि हात थांबला. आमचं काम होतं कधी? स्फटिकानंतर रचना, रचनेनंतर औषधाची चाचणी, त्यानंतर आणखी काही. बुधूभाऊ दर उन्हाळ्यात आले असते आणि मी दर उन्हाळ्यात त्यांना खरंच सांगितलं असतं की काम झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी येतो आहे असा बुधूभाऊंना फोनवरून निरोप पाठवला आणि डीप फ्रीजर उघडला. एक नळी मागे ठेवावी असं मनात आलं. कोणाला कळलं नसतं. ती हातात धरून मी उभा राहिलो, बोटं बधिर झाली, मग तीही बर्फाच्या डब्यात घातली. प्लेट कोंड्याच्या गादीवर ठेवून ती मांडीवर घेतली आणि एटापल्लीची एसटी धरली.

गावात बुधूभाऊंनी प्लेट हातात घेतली. "यातली मैनी कोनती?" मी तो खळगा दाखवला आणि खिशातलं भिंग दिलं. उन्हाकडे धरून त्यांनी खूप वेळ बघितलं.

"लाल आहे."

"हो."

"हे तिनंच केलं?"

"तिनंच. स्वतःच्या हातानं."

त्यांनी भिंग परत दिलं. मग विचारलं, "पूरं आनलं ना, सर?"

"पूरं आणलं, भाऊ."

दगडाजवळ त्यांनी खड्डा करून ठेवला होता. मला दूर उभं राहायला सांगितलं नाही, पण मीच बाजूला झालो.

चंद्रपूरला परतल्यावर बसस्टँडवरून थेट बाईंच्या घरी गेलो. त्या ओसरीत बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "एकही नळी ठेवली नाही?"

"नाही, बाई."

त्या म्हणाल्या, "मी ठेवली असती."

त्यांनी मला शाबासकी दिली नाही आणि मीही ती मागितली नाही. जेवून जा म्हणाल्या. मी जेवलो. त्यांना ताटातलं नीट दिसत नाही, म्हणून भाजी कुठे आणि वरण कुठे ते सांगत गेलो.

बाईंच्या स्नेही आणि विद्यार्थ्यांना ज्या घोषणेची अपेक्षा होती ती सत्कारात होणार नाही. त्याचा जाब विचारायचा तर तो मला विचारावा, बाईंना नव्हे. बाईंना भरपूर आयुष्य लाभो, हातपाय चालते राहोत आणि डोळ्यांत जेवढा उजेड उरला आहे तेवढा तरी शेवटपर्यंत टिको, एवढं मी रोज देवाजवळ मागतो. त्यांनी दिलेला शब्द आता त्यांच्या डोक्यावर नाही. केंद्राला मी कळवलं आहे की आमची पाळी दुसऱ्या कोणाला द्यावी.