पायऱ्यांवरच्या निळ्या स्लिपर
कुठं दाराबाहेर चपलांचा एकच जोड दिसला की मला यवतमाळच्या त्या मोठ्या चर्चच्या पायऱ्या आठवतात. पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात प्रार्थना टिनाच्या एका खोलीत व्हायची; सतरंजीला धुळीचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास असायचा. आमचे म्हातारे पाळक आधी दारातल्या चपला पाहायचे. एखाद्याची दिसली नाही की म्हणायचे, “थांबा, बलावून आना त्याले,” आणि तो येईपर्यंत गाणं सुरू होत नसे. पाळक वारले, खोलीला कुलूप लागलं, आणि मी आईला शहरात घेऊन आलो. पहिल्या रविवारी आत सगळे बूट घालून बाकांवर बसलेले, माईकवर गाणं चाललेलं, आणि पायऱ्यांवर फक्त आईच्या निळ्या स्लिपर. “माय, अठी चपला काढत नाही कोनी,” मी कुजबुजलो. “मंग कोन आलं नाही, हे पाळकाले समजते कसं?” तिनं विचारलं. मी तिला हाताला धरून बाकावर नेऊन बसवलं. ती मात्र शेवटपर्यंत चपला बाहेरच काढत राहिली. तिला गावच्या मातीत ठेवून आलो, त्याच्या पुढच्या रविवारी पायऱ्या रिकाम्या होत्या, आणि प्रार्थना अगदी वेळेवर सुरू झाली.