उपरण्याखालचा अंगठा

मुलगी पाहायला निघालो, त्याच सकाळी माझी दाढ ठणकायला लागली. सन एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. अमरावती ते अकोला सगळा प्रवास मी गालावर रुमाल दाबून केला. आधीच्या दोन स्थळांनी मला नाकारलं होतं. हेही हुकलं तर जन्मभर ब्रह्मचारी राहीन, असं मी घरात हात उंचावून जाहीर करून बसलो होतो.

मुलीचं घर मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात. सोबत मामा, तरुणपणी तालमीत घुमलेला. पुलावरच त्यानं माझा हात धरला आणि अंगठा अन् तर्जनीच्या मधल्या मांसात आपला अंगठा रुतवला.

"मामा, हात जड होऊन राहिला! पार खांद्यापर्यंत कळ गेली!"

"जाऊ दे. दाढ कशी हाय?"

दाढ जणू दुसऱ्याच कुणाच्या तोंडात दुखत होती!

पण हात सोडला की ठणका हजर. म्हणून बैठकीतही मामानं उपरण्याखाली माझा हात धरूनच ठेवला. मुलगी पोहे घेऊन आली आणि मामानं नेमका तेव्हाच जोर लावला. माझे डोळे फिरले, खांदा थरथरला.

"अवो दादा, पोराले मिरगी हाय, फीट आली!" मुलीची आत्या किंचाळली. "म्हणूनच मामानं हात धरून ठेवला!" ती आत धावली आणि एका हातात फोडलेला कांदा, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन परतली. दोन्ही माझ्या नाकाला! मुलीचे वडील उठून उभे राहिले. संपलं, मी मनात म्हटलं.

"आत्या, चप्पल खाली ठेव," मुलगी म्हणाली. "गाल पाह्य ना त्यायचा, केवढा सुजला. दाढ दुखून राहिली." मग मामाकडे वळून, "दाबा मामाजी, थांबले काहून?"

आमची नात आता मेडिकलला आहे. ती सांगते, खोल मांसात दाबलं की तिथल्या बारीक नसा ती जड ठसठस हळूहळू मेंदूकडे नेतात, आणि मेंदूच मग बाकीच्या दुखण्याचा आवाज खाली आणतो. चिनी वैद्य त्याच जागी सुई टोचतात म्हणे. मामाला हे सांगायला हवं होतं. तो आता नाही.

हल्ली डोकं दुखलं की मी बायकोपुढे हात करतो. ती अंगठा रुतवते, मी कळवळतो, आणि ती विचारते, "कांदा आणू का?"