राजा पुलावरून गेला तेव्हा

राजा दुसऱ्या देशाचा, सरकारी पाहुणा. ऱ्हाइन नदीवरच्या नव्या पुलाची फीत त्याच्या हातून कापायची होती. मी तेव्हा जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडी करत होते. पुलावर गर्दीचा भार आला की पोलाद किती ताणलं जातं, ते मोजायचं काम आमच्या प्राध्यापकांकडे होतं. त्यासाठी मी आणि त्यांचे चाळिशीतले एक सहायक पुलाच्या पोटात उतरलो होतो. रस्त्याखाली पोलादी पेटीसारखी लांबच लांब पोकळी होती. वर जायला एकच शिडी आणि तिच्या तोंडाशी लोखंडी झाकण.

राजा येण्याआधी कुणा पोलिसाने ते झाकण बाहेरून लावून टाकलं. आम्ही आत आहोत हे त्याला ठाऊकच नसावं. मग भाषणात आवाज नको म्हणून जनरेटर बंद झाला आणि आमचा दिवाही गेला.

सुरुवातीला मला एवढं काही वाटलं नाही. पण वर बँड सुरू झाला, हजारो पावलं पडू लागली, आणि सगळी पेटी घुमायला लागली. अंधारात सहायकांचा श्वास मोठमोठ्याने ऐकू येऊ लागला. लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले तेव्हा ते आईबरोबर एका तळघरात गाडले गेले होते. ते वाचले, आई गेली. हे मला संस्थेतल्या कुणीतरी सांगितलं होतं, त्यांनी स्वतः कधीच नाही.

ते शिडी चढले आणि हातातल्या पान्याने झाकणावर ठोकायला लागले. वर बंदुका घेतलेले शिपाई, आणि राजाच्या पायाखालून ठोकल्याचे आवाज! ते आम्हाला कोण समजतील? मी चाचपडत शिडीवर गेले आणि त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"बोलत राहा," ते म्हणाले. "तुमच्या भाषेत बोला. काहीही चालेल."

मला एकही वाक्य सुचेना. तोंडातून पाढे निघाले. बे एके बे, बे दुणे चार. एकोणतीसच्या पाढ्यात चुकले, पुन्हा पहिल्यापासून धरले. त्यांनी हळूहळू पाना माझ्या हातात दिला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आम्ही दिसत नाही म्हणून प्राध्यापक शोधत आले, तेव्हा झाकण उघडलं. राजा केव्हाच गेला होता. रस्त्यावर तुडवलेले कागदी झेंडे पडले होते. सहायक तिथेच कठड्याला टेकून बसले. त्यांना सिगारेट पेटवता येईना, म्हणून मी काडी ओढली. माझीही दोनदा विझली.

त्यानंतर ते पुलाच्या पोटात कधी उतरले नाहीत. मला मात्र उतरावंच लागे. अशा वेळी ते न सांगता वर येऊन उभे राहत आणि मी बाहेर येईपर्यंत तिथून हलत नसत. एरवी जेमतेम बोलणारा माणूस दर थोड्या वेळाने खाली वाकून विचारायचा, "आहेस ना?"