बंगळूर जवळ, कोथरूड लांब

समस्त कोथरूडकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बंगळूर ते पुणे हे सातशेहून अधिक किलोमीटरचे अंतर विमान अवघ्या सव्वा तासात कापते. माहिती खरी आहे. तिच्यावर विसंबून कोणीही पाहुण्यांना चहाला बोलावू नये.

आम्ही बोलावले होते. आमची मुक्ता बंगळूरला संगणक कंपनीत आहे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या चिन्मय दामलेशी तिचे लग्न ठरत आले होते. अडले होते ते त्याच्या वडिलांच्या अटीवर : "सून पुण्यातच हवी." मुक्ता म्हणे, "नोकरी नाही सोडणार. हवं तर चिन्मयला सोडते." चार दिवस तिची मनधरणी केली आणि हात हलवत परत निघालो. संध्याकाळी पाचला दामले उत्तर ऐकायला येणार होते. पाच म्हणजे पाच. मुहूर्त टळला तर हा गृहस्थ अक्षता खिशात घालून घरी जातो.

निघताना मुक्ताच्या घरमालकीणबाईंनी केळीच्या पानावर 'ऊटा' (जेवण) वाढला. माझे सारू (रस्सम) कोपरापर्यंत पोहोचले. आम्ही मात्र विमानतळावर वेळेत पोहोचलो.

विमानही वेळेवर उडाले. हवाई सुंदरी सँडविच विकत आली, तशी हिने पर्समधून थालीपीठ काढले. शेजारचा तरुण कुजबुजला, "काकू, हे अलाउड आहे?"

"आधी खा, मग विचार."

त्याने दोन खाल्ली. विचारले नाही.

थोड्याच वेळात खाली खडकवासल्याचे पाणी चमकले. मग पुन्हा चमकले. तिसऱ्यांदा चमकले तेव्हा कळले, धावपट्टी हवाई दलाची. त्यांच्या विमानांचा सराव संपेपर्यंत आम्ही घिरट्या घालायच्या. हिने खिडकीला नाक लावले. "अहो, आपली सोसायटी! इथेच उतरवा म्हणावं. विमानतळावरून कोथरूडला रिक्षा येत नाही!"

विमान हसले. पण ही खोटे बोलली नव्हती. "कोथरूड?" पहिल्या रिक्षावाल्याने मी काशी म्हटल्यासारखे पाहिले. दुसरा म्हणाला, "येताना रिकामं यायचं, काका. सोबतीला तुम्ही येणार का?" तिसरा आला, बहुधा दयेने. विमानातून ढग पाहिले होते; येरवड्यापासून पुढे एकाच बसची मागची बाजू पाहिली.

घरी पोहोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. दारात कोणी नाही. ही बॅगेवरच बसली. "येऊन गेले ते. मोडलं मुक्ताचं."

शेजारच्या काकू डोकावल्या. "कोणीसुद्धा आलेलं नाही."

मोजपट्टीने अंतर मोजणारी माणसे पुण्यात राहत नसावीत, असे मी मनाशी म्हणत होतो, तोच बेल वाजली. दारात दामले, सदरा अंगाला चिकटलेला. मागे मान खाली घातलेला चिन्मय. उशीर नको म्हणून दामले दुपारीच मुलाला घ्यायला हिंजवडीला गेले होते. तिथून थेट आत्ता येत होते.

त्यांनी उभ्यानेच तांब्या रिकामा केला. मुक्ताचा नकार सांगायला मी घसा खाकरला. पण तेच ओरडले,

"राहू दे तिला बंगळूरला! यालाही तिकडेच धाडतो! हिंजवडीपेक्षा तिथून तरी लवकर घरी येतील!"