उताऱ्यावरची झुडपं

यंदा आमचं घर ऊसतोडीला येणार नाही, असं थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. ती भाकरी काठाला फाटली.

आजवर दोन्ही घरं एकाच टोळीत जायची. वाटणीत आम्हाला वरचा बांध आला, त्यावर सासऱ्यांनी लावलेले साग होते. जाऊबाईंना ओढ्याकडची बाजू आणि तिथलं बांबूचं बेट. तेव्हा मला बरं वाटलं होतं. सागाची दारं होतात, बांबूत साप निघतात.

मग पावसाळ्यात ग्रामसभेत वनखात्याच्या माणसानं सरकारचं धोरण वाचून दाखवलं. बांबू गवतात धरलाय, तोडायला आणि न्यायला परवाना नको. सागाला मात्र परवानगी लागणारच, आणि झाड सातबाऱ्यावर नोंदलेलं पाहिजे. जाऊबाई पुढं बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हंजी मी गवताची मालकीण झाले म्हना की." सगळे हसले. मी पदर तोंडाला लावला, पण हसले नाही.

आठ दिवसांत मंडपवाल्याचा टेम्पो त्यांच्या ओढ्याला लागला. बांबू भरताना होणारा खडखडाट मला चुलीपर्यंत ऐकू यायचा. मी मुद्दाम भांडी आपटत घासायची.

मी ह्यांना म्हणाले, आपण साग विकू आणि आपणही राहू. पोरीची सातवी गावातच होईल. आम्ही दोघं शिरूरला तहसिलीत गेलो. कारकुनानं उतारा पाहिला.

"साग कुठं हायत, बाई? हितं तर बांधावर झुडपे लिव्हलंय."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. वाटणीनंतर नोंदी करायला तलाठी आले होते, तेव्हा हे घरी नव्हते. बांधावर काय आहे, असं तलाठ्यांनी विचारलं. मी दाराआडून सांगितलं, काय न्हाई, झुडपं हायत. झाड एकदा कागदावर चढलं की ते सरकारचं होतं, असं मी ऐकलं होतं. त्याच दिवशी जाऊबाई तलाठ्याला ओढ्यापर्यंत घेऊन गेल्या आणि बेट दाखवून आल्या. मला त्यांची तेव्हा कीव आली होती.

दुरुस्तीचा अर्ज दिला. पाहणी दिवाळीनंतर होईल म्हणाले. टोळीची गाडी दसऱ्यानंतर लगेच निघणार होती.

एसटीत ह्यांनी तिकिटं खिशात घातली. मग म्हणाले, "झुडपं म्हनं. तुझ्या झुडपाखाली बैलगाडी सावलीला लागती." यापेक्षा ते ओरडले असते तर बरं होतं.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. "तू बिनघोर जा. पोरगी राहू दे माज्याकडं. सागाकडं बी मी बघीन, शेळ्या लागू देनार न्हाई."

त्या मनापासून बोलत होत्या. पोरगी तर लगेच दप्तर भरायला लागली. त्याचाही मला राग आला. मी फक्त "बरं, अक्का" म्हणाले. माझ्या तोंडून एवढंच निघतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी गेरू कालवला आणि बांधावर गेले. एकेका सागाच्या बुंध्यावर आकडा काढला, एकपासून अकरापर्यंत. आठ दोनदा पुसून नीट केला. सगळे आकडे ओढ्याच्या अंगाला काढले, जाऊबाई बांबूत उभ्या राहिल्या तरी त्यांना वाचता येतील असे.